वरची बाजू

इरफान उगार खुर्दहून फोनवर सांगत होता:
काकू, उचलायच्या आधी प्रत्येकावर खूण करा.
वरची बाजू वरच राहू दे.
पेन्सिल कानामागेच होती, ब्लाऊजच्या मापांची.

अकरा अंडी.
ओलसर, कातड्यासारखी, एकमेकांना चिकटून बसलेली,
जशी बाजारच्या दिवशी टेम्पोत बायका बसतात.
केशर बाजूला पडलेली, रिकामी, सैल,
चेन तुटलेल्या पिशवीसारखी.

कडोलीला, माझ्या माहेरी,
खुडूक कोंबडी चोचीनं अंडी फिरवत राहायची.
न फिरवलेलं अंडं फुकट जातं, आई म्हणायची.
आणि इथं, फिरवलं तर
पिल्लू आपल्याच बलकात बुडतं म्हणे.
पन्नाशी उलटल्यावर हे शिकायचं!

डबा थर्माकोलचा, कॅम्पातल्या मासळीवाल्याकडचा.
तीनदा धुतला, तरी बांगडा जाईना.
त्यात कुंद्याचा प्लास्टिकचा डबा,
झाकणाला दाभणानं भोकं,
खानापूर रोडच्या नर्सरीतलं शेवाळ
पिळून पिळून, थेंब पडता कामा नये असं.
थर्मोस्टॅट बसवून गेला सिद्राय,
पलीकडच्या मागांचा वायरमन.
पैसे घेतले नाहीत. आत पाहिलंही नाही.
अठ्ठावीस.
वडगावात माग खटखटतात
आणि माझ्या मशीनच्या पायाशी
लाल आकडा गप्प बसून असतो.

साप निनादचे. वनखात्याचा कागदही त्याच्याच नावाचा.
पुण्याला जाताना म्हणाला, दोनच महिने सांभाळ.
अजून फोन करतो,
"काय करूलालीयस आई?"
उबवूलालोय, म्हणते मी. तो हसतो.

विसाव्या दिवशी एक हिरवं पडलं.
एक आत खचलं, उशीवरच्या खळग्यासारखं.
काढावं, तर शेजारच्याला चिकटलेलं.
राहू दिलं.
बाकीच्यांवर टॉर्च धरला:
आत लाल धाग्याचं रीळ सुटलेलं,
आणि त्या गुंत्यात काहीतरी हललं,
किंवा माझाच हात.

आषाढात एका रात्री लाईट गेली ती गेलीच.
सत्तावीस. पंचवीस.
भिंतीपलीकडची महादेवी,
जी पहिल्या दिवशी "अय्यो, हावु!" म्हणून पळाली होती,
ती पदरात बाटल्या गुंडाळून आली: बिसिनीरू.
दर तासाला पाणी बदलत
दोघी बसलो अंधारात, बाळंतिणीच्या खोलीत बसावं तशा.
तिनं तिच्या पहिल्या मुलीचं सांगितलं, कानडीत, हळू.
सगळे शब्द मला कळले नाहीत.
विचारलेही नाहीत.

त्रेसष्टाव्या दिवशी एकाला चीर दिसली.
चिरेतून नाक आलं.
नाकानं वडगावची हवा घेतली
आणि परत आत गेलं.
दुपार झाली. बाकीच्यांवर काही नाही.
काजं कापायची बारीक कात्री
कधी हातात आली कळलं नाही.
काप की, निनाद म्हणाला, व्हिडिओत कापतात.
थांबा काकू, इरफान म्हणाला.
तेवढ्यात महादेवी दारात, लाह्या आणि दूध घेऊन:
"इवत्तु पंचमी. आज कात्री?"

आज चिरायचं नाही, तळायचं नाही,
हे तर मला जन्मापासून ठाऊक.
कात्री खिळ्याला लावली.
साप दूध पीत नाही म्हटल्यावर
त्या दुधाचा आम्ही चहा केला.

रात्रीतून सात बाहेर आले, सकाळी आठवा.
एक भरलेलं होतं, उघडलंच नाही.
त्याच्याविषयी इरफानलाही सांगता येईना.

आठ जण. प्रत्येक वीतभर, वर चार बोटं.
मापं घेतली तशीच वहीत लिहिली,
कोण्या देसाईबाईंच्या बाहीखाली.
एकानं अंगठ्याला चावलं,
सुईपेक्षा कमीच.
बरं वाटलं.

आता कागद भरायचा आहे.
संख्या: आठ.
लिंग: अजून कळत नाही.
सांभाळणाऱ्याचं नाव, या ओळीवर पेन थांबलंय.
टरफलं ताटलीत वाळतायत, चुरगळलेली,
पेन्सिलीच्या खुणा
आता कुठल्याही बाजूला.