भाग चौदावा

धोपाव्याच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीत,
दोन फेऱ्यांच्या मधे मला वीस मिनिटं मिळतात.
त्या वीस-वीस मिनिटांत मी तेरा खून सोडवले,
म्हणजे द्वारकामावशीने सोडवले,
मी सुटे पैसे मोजत तिच्या मागे मागे गेले.

रिटायर झालेली पोस्टमास्तरीण. पाकिटाचा डिंक हुंगून
कोणी घाईत चिकटवलंय ते सांगायची.
तिच्या गावात खुनी कधी घाम पुसत नाही,
खुनी आग्रह करून वाढतो.
हे मी इतकं मनावर घेतलंय
की लग्नात कोणी जिलबी पुढे केली
तर आधी त्याचे हात बघते.

चौदाव्यासाठी गुहागरला नंबर लावून सात महिने.
मिळाला तेव्हा बोटीवरच्या पोऱ्याकडून
पलीकडे दाभोळात जैबुनला निरोप धाडला: आला.
आमचा नियम जुना. आधी मी, मग ती,
शंभराव्या पानावर थांबायचं,
खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून
बिस्किटांच्या डब्यात टाकायचं.
हरेल तिने सुरमई आणायची.

या वेळी मला एकतिसाव्या पानावरच कळलं.
डॉक्टर.
घाम पुसत होता.

तरी वाचत गेले,
नासलेलं दूध आपण पुन्हा एकदा हुंगतो तशी.
मावशी चहात दोन चमचे साखर घालते.
तिसऱ्या भागापासून मधुमेह आहे तिला.
मनी मांजर पायात घोटाळते.
मनी नवव्या भागात गेली, रामफळाखाली पुरली,
त्या दिवशी मी एका टेम्पोवाल्याला
पन्नास रुपये जास्त परत दिले होते.
आणि अवसेच्या मध्यरात्री चोर
कोरड्या खाडीतून चालत जातो!
अगो, अवसेला बारा वाजता,
दिवसाचे काय नि रात्रीचे काय,
खाडी तुडुंब असते, धक्क्याची वरची पायरी बुडते.
हे तिला ठाऊक होतं. पहिला खटला तर
भांगाच्या पाण्यावरच सुटला होता.

मग मी तिच्यासारखी बसले.
जुन्या तिकिटांच्या पाठी पुरावे मांडले.
तेरा भागांत एक उद्गारचिन्ह नाही, इथे पानोपानी.
मागचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, तोच.
अर्पणपत्रिका: अतिदक्षता विभागातल्या सिस्टरांना.
पुढे काही लिहिलं नाही.
बोट लागली होती, लोक काचेवर नाणी वाजवत होते.

दहा दिवसांनी पुस्तक परत आलं, डब्यासकट.
जैबुनची चिठ्ठी: डॉक्टर. पान अठ्ठावीस.
खाली: ही आपली बाय नाय.

पण पान एकशे एकाहत्तर.
मावशी अंगणात कोकमाची सोलं उलटी करत बसलीय.
खुनाशी काही संबंध नाही.
बोटं लाल होतात, पदराला पुसत नाही,
म्हणते, राहू दे,
संध्याकाळी कुणीतरी विचारेल.
सहाच ओळी.
तिथे पेन्सिलीचं एक बारीक टिंब आहे, जैबुनचं.
वाचनालयाचं पुस्तक, खोडायला हवं होतं.
नाही खोडलं.

सुरमई कोणीच आणली नाही, कोणी हरलंच नव्हतं.
पुस्तक द्यायला गेले तेव्हा ओकांना म्हटलं,
पंधराव्यासाठी नाव लिहून घ्या.
ते चष्म्यावरून बघत म्हणाले,
पंधरावा येणार, असं सांगितलं कोणी?
मी म्हटलं, लिहा तर.