आवक : निरंक

पादऱ्याच्या पुढे रस्ता भाजीच्या टेम्पोंना सोडतो
आणि एकटाच खाडीकडे निघतो.
स्कूटरवर मी, मागे भाची शाल्मली,
तिच्या मांडीवर लीला चिवड्याचा पुडा,
माझ्या पिशवीत एका पानाची झेरॉक्स.

ऑफिसात विचारलं, रजा कशाला?
म्हटलं, बंदर बघायला.
हसले सगळे. बडोद्याला कुठलं आलंय बंदर,
न्यायमंदिर आहे, ते बघ.

पण दफ्तरखान्यात वीस वर्षं मी कसर झटकते आहे,
पान खोटं बोलत असलं तर वासावरून कळतं.
या पानाला अजून चिखलाचा वास आहे.
मुक्काम कांठोली, जकात नाका,
नाकेदार भिकाजी रघुनाथ सबनीस.
रकाने पाच : तारीख, गलबत, माल, नग, जकात.

सुरुवातीला खजूर आहे, कौलं, सागवान,
एकदा एक पितळी घंटा, धनी अज्ञात.
मग मही गाळ आणू लागली.
गलबतं आधी उशिरा, मग लहान, मग नाहीतच.
सबनीस रोज लिहितात, आवक निरंक.
निरंक. निरंक. अख्खा पावसाळा निरंक.
अक्षर तेच, वळणदार, कुठे शाई सांडलेली नाही.
एवढ्या रिकाम्या दिवसांना
इतकं सुंदर अक्षर लागतं का?

आणि पौषातल्या एका सकाळी :
गलबत, नाही. माल, रोहित पक्षी.
नग, एकशे बेचाळीस.
जकात, माफ.

त्याखाली तांबड्या शाईत वरिष्ठांचा शेरा :
पक्षी कोणाच्या हुकुमाने मोजले?
आणि समासात, बारीक, उत्तर :
आले म्हणून.

कांठोलीत बंदर विचारलं तर पोरांनी क्रिकेट थांबवलं,
एकाने बॅटनेच दिशा दाखवली.
तिथे मेलाभाई पढियार. बाप नाव चालवायचा,
हे म्हशी सांभाळतात.
गलबतं बांधायचा दगडी खुंट अजून उभा आहे.
दोरखंडांनी पाडलेल्या खाचेत
म्हशीची साखळी नेमकी बसते.
"दरियो गयो," मेलाभाई म्हणाले, "बारुं रही गयुं."
समुद्र निघून गेला. दार तेवढं राहिलं.

शाल्मलीने लांबचा ओंडका दाखवला.
ओंडक्याने डोळा उघडला.
ही जुनी मगर, मेलाभाईंनी ओळख करून दिली,
गावात कुणाच्या वाटेला गेली नाही,
कोंबड्या सोडल्या, आणि एकदा तलाठ्याची चप्पल.
काठाला निवट्या चिखलावर टुणटुणत होत्या,
ना धड मासा, ना धड बेडूक,
दोन्ही खात्यांनी परत पाठवलेल्या अर्जासारख्या.

मग मेलाभाईंनी हात वर केला. गप्प.
आधी काहीच नाही.
मग दूर कुणी सतरंजी ओढत आणावी तसा आवाज.
"घोडो आवे छे."
गुडघाभर उंचीची पाण्याची ओळ
नदीच्या उलट चालत आली,
पांढरी, पट्टीने आखल्यासारखी,
आणि ती पोचायच्या जरा आधी
समोरचा सगळा राखाडी चिखल उठला,
त्याला पंख होते,
पंखांना आतून शेऱ्याच्या शाईचा रंग.

फोन पिशवीतच राहिला.
शाल्मली मोठ्याने मोजत होती,
एकसष्टवर चुकली, पुन्हा एकपासून.
"आत्या, मोजून कुणाला द्यायचे?"
मला सांगता येईना.
तेवढ्यात म्हशीने चिवड्याचा पुडा संपवला.

झेरॉक्सची मागची बाजू कोरी होती.
शाल्मली म्हणाली सत्त्याण्णव,
मेलाभाई म्हणाले दीडशेच्या खाली नाहीत,
माझे निघाले एकशे अकरा.
आम्ही भांडलो, बराच वेळ,
पाणी खुंटाला लागेपर्यंत.

सबनीसांचा आकडा एकच होता,
खाडाखोड नाही.
त्यांच्याशी भांडायला
नाक्यावर दुसरं कोणी नव्हतं.