काटा

मरहूनची निसान तिसऱ्यांदा परत आली.
काटा लाल रेघेला टेकलेला,
इंजिन मात्र शांत.
बॉनेट उघडलं तर वाफ नाही, गळती नाही.
वरच्या होजला हात लावला, चटका बसला तो
रोजचाच.

पहिल्यांदा मी थर्मोस्टॅट बदलला होता.
दुसऱ्यांदा रेडिएटरची टोपी, आणि वर शहाणपणा म्हणून
हिरव्या कूलंटचा अख्खा कॅन.
आता सेन्सर. पितळी, अंगठ्याच्या पेराएवढा,
ब्लॉकच्या कुशीत बसून पाण्याची नाडी बघणारा.
काढला. पेरूमलच्या चहाच्या टोपात सोडला
(टोप त्याचा, शिव्या मला),
मीटरची एक पिन टोकाला, एक अंगाला.
गार पाण्यात अडीच हजार ओहम.
तळाशी बुडबुडे धरले तसे आकडे घरंगळत गेले,
बाराशे, सहाशे, तीनशे,
मग दोनशेच्याही खाली.

हा असाच असतो, मी सांगितलं,
जितका तापेल तितका त्याचा विरोध कमी.
पेरूमल म्हणाला, सनायातलाच आहे म्हणजे.

सेन्सर खोटं बोलत नव्हता.
खोट पुढे कुठेतरी, तारेत.

तेवढ्यात मंडणगडहून फोन.
किती आहे हो आज, सुगंधाने विचारलं.
अडतीस, मी म्हणालो.
उन्हात राहिलेला पाना सकाळी उचलला, तर
तळहातावर त्याचा नंबर उमटला होता,
चौदा, उलटा.
मग बरंय, ती म्हणाली, इथेही परवा पस्तीस झालं.
अकरा उन्हाळे मी तिला अडतीसच सांगतोय.
एकदा चुकून एकोणचाळीस म्हणालो
तर तिने सासूबाईंना उठवलं.

मगरीबनंतर मरहून आला, खजुराचा डबा घेऊन.
असू दे काटा, म्हणाला, आहे तशी नेतो,
लिवाला मुलीकडे जेवायला बोलावलंय.
चावी फिरवली. काटा मध्यावर, शहाण्यासारखा.
मग त्याने दिवे लावले,
आणि काटा उठला, सरळ लालवर.
दिवे बंद. काटा खाली.
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
परत लाव, मी म्हणालो.
परत वर.

मी पाठीवर झोपलो, डोकं पॅडलांमध्ये, टॉर्च दातात.
डॅशबोर्डच्या मागून आलेली एक काळी तार
बॉडीच्या पत्र्याला बोल्टने कसलेली,
आणि बोल्टवर समुद्राच्या हवेने उगवलेलं
हिरवंपांढरं बुरशीसारखं काहीतरी.
बस, एवढंच.
एक दहाचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा,
नखभर व्हॅसलीन.
तीन महिने मी पाण्यात शोधत होतो.

काय होतं, मरहूनने विचारलं.
अर्थ, मी म्हणालो. वायरिंगवाले आम्ही सगळे तसंच म्हणतो.
अर्द? त्याने चपलेने जमिनीवर टकटक केलं.
हो, तीच. अर्थ लागत नव्हता.
माझी अरबी तिथे संपते, त्याला मराठी नाही,
तेव्हा यातली गंमत मी एकट्यानेच
वंगणाच्या हाताने पुसून टाकली.
थर्मोस्टॅटचे पैसे परत देऊ केले.
त्याने घेतले, मोजून.
डबा मात्र ठेवून गेला.

रात्री खोलीवर सुगंधाला लिहिलं, सत्तेचाळीस.
खोडलं.
तळहाताचा फोटो काढला, आकडा अजून वाचता येत होता.
तोही तसाच राहिला फोनमध्ये.
पेरूमल टोप घासत होता, राखेने, तिसऱ्यांदा,
पितळेचा वास जात नाही म्हणत.

उद्या एक कोरोला यायची आहे.
मालक सांगत होता, काटा हलतच नाही,
कितीही पळवा,
गारच दाखवतो.