शाबूत कोपरे

मार्चमध्ये नऊ खोडरबरं वाटली होती.
ऑगस्ट उजाडेपर्यंत आठ संपली, हरवली, चावली गेली.
मायतेनाचं मात्र दुकानातून आत्ता आणल्यासारखं,
चारही कोपरे शाबूत.
मला त्याचं कौतुक होतं.
एकदा ते मी वर्गाला दाखवलंसुद्धा.

ताक्वारेम्बोच्या उत्तरेला, डांबर संपतं तिथून
अकरा किलोमीटर आत आमची शाळा:
एक खोली, एक फळा, चार इयत्ता,
बाहेर खांबाला बांधलेले तीन घोडे.
वाल्दिरचं गणित, ब्राउलियोचं वाचन,
धाकट्या जुळ्यांची वाहती नाकं.
या सगळ्यात जिचं आपोआप होतं
तिच्याकडे बघायला वेळ कुणाला?

तिची दहा गणितं झाली की मी आणखी दहा द्यायचे.
तीही झाली की, "कुंड्यांना पाणी घाल."
"वाल्दिरला समजाव." "फळा पूस." "गप्प बस जरा."
पुढे पळालेल्याला बक्षीस काय,
तर तोच रस्ता, पुन्हा.

मग तिची उत्तरं चुकू लागली.
वीसच्या वीस.
मी लाल पेनाने पाट्या टाकत राहिले
आणि आईला निरोप धाडला: लक्ष नाही, झोप होते का बघा.
आई इस्टेटीवर स्वयंपाकाला असते. ती म्हणाली,
"घरी बोलत नाही हो. खिडकीशी बसते. बोटं मोजते."

त्या रात्री दिवे गेले. बाहेर दहिवर गोठत होतं.
मेणबत्तीशी वही धरली आणि झोप येईना म्हणून
ती किती चुकते ते शेजारी मांडत गेले.
पहिलं दोनाने. दुसरं तीनाने.
मग पाच. सात. अकरा. तेरा.
मी शेवटपर्यंत गेले. विसावं एकाहत्तरने.
सगळ्या मूळ संख्या, ओळीने,
ज्यांना दुसरं कुणी भागत नाही अशा.
वीस चुका. त्यांत एकही चूक नव्हती.

ती मला चिठ्ठी लिहीत होती
आणि मी तिच्यावर फुल्या मारत होते,
तीन आठवडे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कुंपणापाशी नेलं.
सात तारांचं कुंपण, रोजच्या नजरेतलं.
जुळ्यांनी खांब मोजले, एकेकाला हात लावून.
वाल्दिरला विचारलं: शंभर मीटर तार,
दर दहा मीटरला खांब, तर खांब किती?
"दहा," म्हणाला. मग चालत गेला टोकापर्यंत
आणि "अकरा! अकरा!" करत धावत आला.
ब्राउलियोने ते सगळं लिहून वाचलं,
अडखळत, पण स्वतःचं.
मायतेनाला म्हटलं: तार तेवढीच.
जास्तीत जास्त मेंढ्या मावतील असा आकार कोणता?
"गोल," माझं वाक्य संपायच्या आत.
"का?"

त्या 'का'पाशी ती थांबली.
चार वर्षांत मी तिला थांबलेलं पाहिलं नव्हतं.
दुपारी घोड्यावर चढताना डोळे पुसत होती.
"मला येत नाही, माएस्त्रा."
"मलाही," मी म्हटलं. खरंच येत नव्हतं.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी आजच शाळेत नाव घातलं.

शुक्रवारी इन्स्पेक्टर येतील. विचारतील,
एका तासात चार पाठ कुठल्या नियमात बसतात.
काय सांगणार? रात्री दोन तास जास्त जागते,
जुळ्यांचा एक धडा मागे पडलाय,
आणि येत्या सोमवारी तिला काय द्यायचं
हे मला अजून ठाऊक नाही.

टेबलावर तिची वही पडलीय.
एका जागी खोडून खोडून पान फाटलंय,
त्यातून खालचं कोरं पान दिसतं.
खोडरबराचा एक कोपरा गेला.
दुसरा जायच्या बेतात.