निळी काच

आधी हवेचं भोक बंद, मग काडी, मग गॅस.
एकतीस वर्षं मी हेच सांगत आले बी.एस्सी.च्या पोरांना,
आणि एकतीस वर्षं त्यांनी आधी गॅसच सोडला.

बर्नरला ज्याचं नाव, त्या बुन्सेनवर
पुस्तकात दीड ओळ होती.
उरलेलं पाटणकर सर सांगायचे, बीकरमध्ये चहा गाळत:
आर्सेनिकच्या कामात स्फोट झाला,
उजवा डोळा गेला.
लग्न केलं नाही. बर्नरचं पेटंटही घेतलं नाही.
तापलेली काच उघड्या बोटांनी उचलायचा.

मी म्हटलं, मग आमच्या तात्यासारखाच की!

हुपरीत आमचं घर म्हणजे एक भट्टी
आणि तिच्याभोवती जमतील तशा भिंती.
धोंडीराम पोतदार, पैंजणांना डाग देणारा.
टाकणखाराचा शिंतोडा उडून
डावा डोळा पांढरा पडलेला.
फुंकणी तोंडात, गाल फुगलेले,
ज्योतीला हिरवी कड आली की फुंकणी काढून म्हणायचा,
"तांबं मारलंय लेकानं."
संपलं त्याचं रसायनशास्त्र.

जर्मन मास्तरानंही तेच केलं, सर म्हणाले,
फक्त ज्योतीपुढं मित्राचा लोलक होता.
झऱ्याच्या पाण्यात दोन निळ्या रेघा दिसल्या,
ओळखीच्या कुठल्याच धातूच्या नव्हत्या.
तेवढ्यासाठी चव्वेचाळीस हजार लिटर पाणी आटवलं.
हाती काय, तर ओंजळ भरणार नाही एवढा क्षार.

तात्या पौषात गेला.
डाग मी दिला.
भाऊ नव्हता, आणि कुणी काही बोललं नाही.
रक्षा पंचगंगेत सोडली,
आणि त्याच पायरीवरून कळशी भरून घेतली.
सरांनाही सांगितलं नाही.
रात्रभर लॅबमध्ये आटवत बसले.
वॉचमन दोनदा डोकावला,
"बाई, भात झाला का?"

पहाटे तळाला करडा थर.
तार आम्लात बुडवली, थरावर टेकवली, ज्योतीत धरली.
पिवळी. नुसती पिवळी.
मीठ असंच, चिमूटभर असलं तरी
दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही.

मग कपाटातून कोबाल्टची काच काढली,
कोपऱ्याचा टवका उडालेली,
आणि एक डोळा मिटून बघितलं.

पिवळं विझलं.
मागं वांग्याच्या फुलाचा रंग
हलला,
गेला.

पोटॅशियम. राखेतलं.
शेणीचं असेल, लाकडाचं असेल,
वरच्या गावांतनं वाहत आलेलं असेल.
नदीत काय एकाचीच राख असते?

वहीत लिहिलं:
नमुना एक. घाटाची तिसरी पायरी.
ज्योत, निळ्या काचेतून: जांभळट.
निष्कर्षाच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं.

तार घासून ठेवली.
आठाला पोरं येणार होती,
आणि कळशी अजून विसळायची होती.