सॉर्टेक्स

एमआयडीसीच्या टोकाला, आमच्या डाळमिलमध्ये
एक मशीन आहे.
ते पडत्या डाळीकडे बघतं,
डागी दाणा दिसला की
फट्, हवेचा एक फटका
आणि दाणा बाजूच्या पिंपात.
विचारत नाही, बाबा रे, तू असा का.

त्या मशीनवर निजाम तडवी.
मी डिस्पॅचला.
मधे एक काच, काचेवर चुणीचा पिवळट थर.
बोलायचो आम्ही, म्हणजे
चिठ्ठ्या बोलायच्या.
"चाळीस कट्टे. अर्जंट."
"जरा थांबा."
"का?"
त्या का-ला दोन वर्षांत एकदाही उत्तर आलं नाही.
मी समजायचे, माज.
तो काय समजायचा, मला माहीत नव्हतं,
माहीत करून घ्यायला वेळही नव्हता,
बाहेर गाडी उभी असायची.

मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत,
ऐन रविवारी,
मालकांच्या धाकट्या सुनेनं पुण्याहून ट्रेनर बोलावली.
अजिंठा रोडवरचा हॉल, दोन कूलर,
ट्रेनरबाईंचा अर्धा आवाज कूलरनेच खाल्ला.
चोवीस प्रश्नांचा फॉर्म.
मग प्रत्येकाच्या छातीवर एक गोल स्टिकर:
लाल, पिवळा, हिरवा, निळा.
मी लाल. निजाम हिरवा.

मनात म्हटलं, चला,
आता माणसांचंही सॉर्टिंग.
डागी कोण ते आधीच ठरलं असेल,
आज फक्त रंग लावताहेत.

सुपडू कोळी, हमालांचा मुकादम, उभा राहिला.
"मॅडम, मी मिलमधे लाल
अन् घरी बायकोसमोर हिरवागार.
मंग स्टिकर कोणतं लावू?"
हॉल हसला.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "मला तुमच्याकडून हेच हवं होतं. बसा."
सुपडू बसला, जरा गोंधळलेला,
शाबासकी मिळाली की दरडावलं, न कळून.

शेवभाजीच्या जेवणानंतर, डोळे मिटत असताना,
जोड्या लावल्या.
एकाने तीन मिनिटं बोलायचं.
दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. मानही हलवायची नाही.
माझ्यासमोर निजाम.

पहिलं मिनिट तो काहीच बोलला नाही.
घामाने त्याचं स्टिकर एका कडेनं सुटत आलेलं.
माझ्या जिभेवर चार वाक्यं येऊन गेली,
त्यातली दोन त्याच्या वतीने.
गिळली.
दुसरं मिनिट अर्धं संपलं तेव्हा
तो गुडघ्यांकडे बघत म्हणाला,
"मार्चात इंदूरची गाडी परत आली ना, ताई.
ती डाळ ओली होती.
हातात घेतली तवाच मले समजलं.
मशीनले रंग दिसते.
ओल दिसत नी.
मी लिहिलं होतं, जरा थांबा.
तुम्ही का म्हणून लिहिलं.
मले पटकन सांगता येत नी.
सांगायचं जुळवत होतो,
तवर गाडी भरून गेली."

घंटी वाजली. वेळ संपली.
आता बोलायची पाळी माझी होती,
आणि माझी तीन मिनिटं
तशीच गेली.

ट्रेनरबाई संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेल्या.
फोल्डर दिले होते, त्यावर आता
कॅन्टीनवाला शशांक कपांचा हिशेब लिहितो.
सुपडू अजून ओरडतो,
पण ओरडून झाल्यावर म्हणतो, "लाल आहे ना मी,"
आणि पोरं तंबाखू मळत हसतात.
मालकांना वाटतं खर्च वसूल झाला.
मला तेवढी खात्री नाही.
मागच्याच आठवड्यात मी दोनदा
काचेवर मूठ आपटली.

पण काल चिठ्ठी आली, "जरा थांबा."
मी पेन उचललं, का लिहिणार,
आणि ठेवलं.
काचेला वळसा घालून गेले.
निजामने मूठभर तूरडाळ गालाला लावून बघितली,
काही न बोलता
माझ्या तळव्यावर ठेवली.

मला काही कळलं नाही.
तरी मूठ मिटून उभी राहिले.
बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.
मग पुन्हा दिला.