परातीतला उतार

मुलुंड, एप्रिल, रात्रीचे साडेनऊ.
गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्याशी
सात जण, एक परात
आणि स्टीलच्या डब्यांतून वर आणलेला हिमालय.

तळाला साखर. जाड, सुटी,
शेजारणीला न ओळखणारी.
"हा डिसेंबरचा बर्फ," मी सांगते,
"पातळ पडला, वरून थंडी कडक,
दाणे झाले आणि हात धरायचं विसरले."
त्यावर बेसन, चाळणीतून, मग तळव्याने दाबून.
"हा मार्चचा. वाऱ्याने आणून थापलेला.
बघा, किती शहाणा दिसतो."

हेरंबने मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणलाय.
मी परात एका बाजूने उचलते.
वीस. काही नाही.
तीस. काही नाही.
पस्तीसला एक रेघ, केसाएवढी,
आणि मग सगळंच एकदम,
आवाज न करता,
नाझनीनच्या चपलांवर.

हसतात. मीही हसते.
मग वसंताचं सांगते,
तो बेसनात दाखवता येत नाही.

रात्री गोठलं का, एवढंच आधी विचारा.
आभाळ उघडं होतं, की ढगांची गोधडी होती?
पहाटे तीनला तंबूबाहेर या, टाच मारा.
टणक वाजलं तर निघा.
घोट्यापर्यंत पाय गेला
तर चहा करा, परत झोपा.
पूर्वेच्या उतारावर ऊन आधी येतं,
तो आधी सुटतो.
दहाच्या आत खाली.

"दहाच्या आत खाली," फ्रेडी डाबरे लिहितो,
खाली दोन रेघा, मस्टरवर मारतात तशा.
गच्चीची फरशी दुपारचं ऊन अजून परत करतेय.
इथे कुठलीच रात्र काही गोठवत नाही.
न गोठलेल्यावरून चालायची
आम्हाला जन्मापासून सवय.

"पण मॅडम, नक्की कसं कळतं?"

दोन वर्षांपूर्वी एका खिंडीखाली
मी छातीएवढा खड्डा खणला होता.
बर्फाचा खांब कापला, वर फावडं ठेवलं, थापा मारल्या:
मनगटातून दहा, कोपरातून दहा,
खांद्यातून तिसऱ्या थापेला
वरचा थर ड्रॉवरसारखा बाहेर आला.
मी म्हटलं, मागे.
सौमिल म्हणाला, कालच्या पावलांच्या खुणा दिसतायत,
सरळ पलीकडे गेल्यात.
त्याची रजा सोमवारपर्यंत होती,
तत्काळचं तिकीट, नवे बूट.
आम्ही मागे फिरलो.

तो उतार त्या दिवशी सुटला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
बंगालची एक तुकडी चढून, उतरून आली,
खिंडीतले फोटो आम्हालाच पाठवले.
सौमिल आता भाजीबाजारात भेटतो,
तोंडल्याच्या भावाबद्दल बोलतो,
बूट अजून तसेच आहेत म्हणतो.

चुकले असते तर कळलं असतं.
बरोबर होते का, हे विचारायला
कुठे जायचं असतं,
ते मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलं नाही.

हे मी त्यांना सांगत नाही.
म्हणते, "कळत नाही. अंदाज असतो,
आणि परतीची वाट आपल्यामागे मोकळी ठेवायची."

नाझनीन चपला झटकते. "परत एकदा करू या?"
त्याच डब्यातली साखर, तेच बेसन,
तोच माझा तळवा.
तीस. पस्तीस.
अडतीस. चाळीस.
खाली कुणाचा तरी कुकर तिसरी शिट्टी देतो.
बेचाळीस.
माझे दंड थरथरतात,
परातीत काहीच हलत नाही.

"का नाही गेलं?" हेरंब विचारतो,
कोनमापक तसाच धरून.
"माहीत नाही."
फ्रेडीचं पेन वहीवर थांबलेलं.
"हे लिहू?"

"हे आधी लिही."